सीमेपलीकडच्या वाटेची कुळकथा

सिस्कोच्या राउटरवर वाटांचा तक्ता उघडला की ओएसपीएफ या प्रोटोकॉलने दिलेल्या काही वाटांपुढे नुसते ‘ओ’ दिसते, तर काहींपुढे ‘ओ ई१’ किंवा ‘ओ ई२’. ‘ई’ ही एक्स्टर्नल वाटेची, म्हणजे नेटवर्कच्या बाहेरून कळलेल्या वाटेची खूण. ओएसपीएफ शिकवताना ही अक्षरे परीक्षेपुरती पाठ करून घेतली जातात आणि पुढे सरकले जाते. माझ्या मते या प्रोटोकॉलमधला सर्वांत प्रगल्भ विचार याच खुणेत आहे. ओएसपीएफ ज्या लिंक-स्टेट पद्धतीवर चालतो, तिचे सारे सामर्थ्य प्रत्येक राउटरकडे असलेल्या पूर्ण नकाशात असते. पण बाहेरची वाट त्या नकाशात मावत नाही. ती स्वतः पाहिलेली नसते, कुणीतरी सांगितलेली असते. जाणलेले आणि ऐकलेले यांची सरमिसळ होऊ न देणे, आणि ऐकलेल्यापुढे सांगणाऱ्याचे नाव लिहून ठेवणे, हा या रचनेचा गाभा आहे. तो कसा घडला हे पाहिले तर ही खूण निव्वळ सोयीची नव्हती, हे पटते.

१९६९मध्ये सुरू झालेल्या अर्पानेटवर आधी उलटी पद्धत होती. प्रत्येक राउटर फक्त शेजाऱ्यांशी बोलायचा आणि आपल्या अंदाजाने कुठले ठिकाण किती दूर आहे ते सांगायचा. शेजारी त्यात आपले अंतर मिळवून पुढे सांगायचा. या रीतीत सगळेच ज्ञान ऐकीव असते आणि मूळ सांगणारा कोण, हे तिसऱ्या कानापर्यंत पोचेतो पुसले गेलेले असते. एखादा दुवा तुटला की दोन राउटर एकमेकांच्या जुन्या माहितीवर विसंबून पॅकेट इकडून तिकडे फिरवत बसत. १९७९मध्ये बीबीएन या कंपनीतल्या जॉन मॅकक्विलन, आयरा रिचर आणि एरिक रोझेन यांनी ही पद्धत बदलली. आता प्रत्येक राउटरने फक्त स्वतःला जोडलेल्या दुव्यांविषयी बोलायचे, ते बोलणे जसेच्या तसे नेटवर्कभर पसरवायचे, आणि प्रत्येकाने त्यातून नकाशा जुळवून डाइक्स्ट्रा यांनी १९५९मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीने सर्वांत जवळच्या वाटा काढायच्या. जे आपल्याला थेट ठाऊक आहे तेवढेच बोलावे, ही शिस्त इथून आली.

या शिस्तीची पहिली मोठी परीक्षा २७ ऑक्टोबर १९८० रोजी झाली. एका राउटरच्या स्मृतीत बिट बिघडले आणि एकाच राउटरच्या नावाच्या तीन नोंदी ८, ४० आणि ४४ या अनुक्रमांकांनिशी नेटवर्कमध्ये फिरू लागल्या. सहा बिटांच्या गोलाकार मोजणीत ४० हा ८ नंतरचा, ४४ हा ४० नंतरचा आणि पुन्हा ८ हा ४४ नंतरचा ठरत होता. त्यामुळे प्रत्येक नोंद दुसरीपेक्षा ताजी समजली गेली, ती पुन्हापुन्हा पसरत राहिली आणि अर्पानेट काही तास ठप्प झाले. सामायिक नकाशा केवढा बलवान आणि केवढा नाजूक असतो, हे त्या दिवशी कळले. एक चुकीची नोंद शेजारपाजारी अडून राहत नाही, ती सगळ्यांची होते. या घटनेचा अहवाल लिहिणाऱ्या रोझेन यांनीच १९८२मध्ये आरएफसी ८२७ या दस्तऐवजातून बाहेरच्या जगाशी बोलण्याचा ईजीपी हा प्रोटोकॉल मांडला. स्वतंत्र कारभार असलेल्या नेटवर्कला ‘ऑटोनॉमस सिस्टिम’ मानून त्याने दुसऱ्याला काय सांगावे, एवढ्यापुरताच तो मर्यादित होता. अमुक ठिकाणी माझ्यामार्फत पोहोचता येते, इतकेच सांगायचे. आतला नकाशा उघडा करायचा नाही. एकीकडे आत पूर्ण नकाशा आणि दुसरीकडे बाहेर फक्त पोहोचीची ग्वाही, अशी दोन प्रकारची माहिती तयार झाली. आता या दोन्ही एका तक्त्यात कशा नांदवायच्या, हा प्रश्न उरला.

त्याचे उत्तर ओएसपीएफने दिले. प्रोटिऑन कंपनीतल्या जॉन मॉय यांनी लिहिलेली त्याची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९८९मध्ये आरएफसी ११३१ म्हणून आली, दुसरी १९९१मध्ये, आणि आज प्रमाण मानला जाणारा आरएफसी २३२८ हा दस्तऐवज एप्रिल १९९८चा आहे. गावनकाशात शिवेच्या आतली प्रत्येक पाणंद आखलेली असते आणि शिवेवर फक्त ‘अमुक गावाकडे’ असे लिहिलेले असते, तशीच ही मांडणी आहे. बाहेरच्या वाटा आणणारा राउटर म्हणजे एएसबीआर. तो आपल्या नोंदीत ‘ई’ नावाचा एक बिट चढवून स्वतःची ओळख जाहीर करतो. मग प्रत्येक बाहेरच्या ठिकाणासाठी तो पाचव्या प्रकारची वेगळी नोंद काढतो. ती एका एरियातून, म्हणजे ज्याच्यापुरता पूर्ण नकाशा ठेवला जातो त्या विभागातून, दुसऱ्यात जाताना बदलत नाही आणि तिच्यावरचे सांगणाऱ्याचे नाव शेवटपर्यंत तसेच राहते. दूरच्या एरियातल्या राउटरला मात्र तो सांगणारा, म्हणजे साक्षीदार, नकाशात दिसत नाही. म्हणून एरियांच्या सीमेवरचे राउटर चौथ्या प्रकारच्या नोंदीने त्या साक्षीदारापर्यंतचे अंतर कळवतात. गणितातही हा भेद पाळला जातो. आधी आतल्या वाटांचे झाड पुरे करायचे आणि मगच बाहेरच्या वाटा त्याच्या टोकांना लटकवायच्या. त्यामुळे बाहेरची एक वाट बदलली तर सगळा नकाशा पुन्हा मोजावा लागत नाही.

बाहेरच्या वाटांच्या दोन प्रकारच्या मेट्रिकमध्ये, म्हणजे खर्चाच्या मापात, हा विचार सर्वांत स्पष्ट दिसतो. समजा एक राउटर ‘अ’ या एएसबीआरपासून १० आणि ‘ब’पासून ४० अंतरावर आहे. बाहेरच्या एकाच ठिकाणासाठी ‘अ’ २० खर्च सांगतो, ‘ब’ ५ सांगतो. पहिल्या प्रकारात (‘ई१’) आतला आणि बाहेरचा खर्च एकत्र मोजतात: ३० विरुद्ध ४५, म्हणून ‘अ’ निवडला जातो. दुसऱ्या प्रकारात (‘ई२’) फक्त बाहेरचा आकडा पाहतात: २० विरुद्ध ५, म्हणून ‘ब’. तो आकडा सारखा असेल तरच जवळचा साक्षीदार कोण ते बघतात. दुसरा प्रकार अडाणी वाटेल, कारण त्यात आतले ४० अंतर डोळ्याआड केले जाते. पण बाहेरचा आकडा आरआयपीसारख्या प्रोटोकॉलकडून आलेला असू शकतो. तिथे तो वाटेतल्या राउटरांची संख्या असतो आणि १५च्या पुढचे सारे अप्राप्य मानले जाते. ओएसपीएफचा खर्च सहसा दुव्याच्या वेगावरून काढतात. या दोन आकड्यांची बेरीज केली तर उत्तर मिळते, पण त्याला अर्थ नसतो. ज्यांची एकके जुळत नाहीत त्यांची बेरीज न करणे, हा शहाणपणा आहे. त्याच तर्काने, खर्च कितीही असो, आतली वाट बाहेरच्या वाटेला नेहमी मागे टाकते. आपलीच वाट दुसऱ्या प्रोटोकॉलमधून फिरून बाहेरची म्हणून परत आली, तरी ती आतल्या खऱ्या वाटेची जागा घेऊ शकत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की हे सारे फाजील आहे; बाहेरचे ठिकाण एएसबीआरला जोडलेला आणखी एक दुवा मानले तरी नेटवर्क चालेल. हा आक्षेप पोकळ नाही, कारण ओएसपीएफचे भावंड असलेल्या आयएस-आयएसने तसे करून पाहिले. १९९०च्या आरएफसी ११९५मध्ये त्यातही आतल्या आणि बाहेरच्या पत्त्यांसाठी वेगळ्या नोंदी होत्या. पुढे मेट्रिकची जुनी सहा बिटांची, म्हणजे ६३ची मर्यादा अपुरी पडू लागली. तेव्हा आलेल्या रुंद मेट्रिकच्या नव्या नोंदीत आत-बाहेर हा भेदच वगळला गेला. मोठमोठ्या सेवादात्यांची नेटवर्क त्यावर उत्तम चालली. पण मार्च २०१६मध्ये आरएफसी ७७९४ आले आणि पत्त्यासोबत बारीक खुणा जोडण्याची सोय झाली. हा पत्ता बाहेरून आला आहे, ही त्यातली एक खूण. एका पातळीतून दुसरीत पुन्हा जाहीर झाला आहे, ही दुसरी. मूळ जाहीर करणाऱ्या राउटरची ओळख नोंदवण्याचीही तरतूद झाली. पॅकेट पोहोचवायला हा भेद लागत नाही, हे खरेच. पण आपल्याला जे माहीत आहे ते कुठून आले, असे विचारण्याची वेळ आली की तो लागतोच. वगळलेली गोष्ट पुन्हा आणावी लागली, याहून ठळक पुरावा मला दुसरा दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ही खूण लावतो तो स्वतः एएसबीआरच, तो चुकला किंवा खोटे बोलला तर? खुणेने सत्य सिद्ध होत नाही, हे मान्य करायलाच हवे. दोन नेटवर्क दोन ठिकाणी जोडली असतील तर एका दारातून आत आलेली वाट दुसऱ्या दारातून बाहेर जाऊन पुन्हा आत येऊ शकते, आणि दोन्ही वेळा तिच्यावर ‘बाहेरची’ हीच खूण असते. तरीही बंदोबस्त याच नोंदीत आहे. तिच्यातला ३२ बिटांचा टॅग ओएसपीएफ स्वतः वाचत नाही, तो फक्त जपून नेतो. पहिल्या दारावर टॅग लावला की दुसरे दार त्यावरून ओळखते की ही वाट इथलीच फिरून आलेली आहे, आणि तिला अडवते. स्टब एरियात तर पाचव्या प्रकारच्या नोंदींना मज्जावच असतो. छोट्या शाखेला जगभराच्या ग्वाह्या ऐकवण्याची गरज नसते. अशाच शाखेला स्वतःच एखादी बाहेरची वाट आणायची असेल, तर १९९४पासून एनएसएसए या प्रकारच्या एरियाची सोय आहे. तिथली नोंद सातव्या प्रकारची असते आणि सीमेवरचा राउटर ती पाचव्या प्रकारात बदलून पुढे देतो. साक्ष खोटी निघू शकते म्हणून साक्षीदाराचे नाव पुसायचे नसते, उलट ते नाव नोंदले असेल तरच खोटेपणाचा माग काढता येतो.

म्हणूनच नेटवर्क चालवणाऱ्यांकडून एक अपेक्षा आहे. सिस्कोच्या राउटरवर दुसऱ्या प्रोटोकॉलच्या वाटा ओएसपीएफमध्ये आणताना काही सांगितले नाही, तर त्या दुसऱ्या प्रकारच्या म्हणून जातात आणि बहुतेक वाटांना २० हा खर्च आपोआप लागतो. हा आकडा कुणी मोजलेला नसतो आणि टॅगची जागाही बहुधा रिकामीच राहते. चाळीस वर्षांपूर्वीच्या प्रश्नातून घडलेली एक विचारपूर्वक रचना तेव्हा निव्वळ भरलेला रकाना होऊन बसते. वाट कुठून आली, तिचा खर्च आतल्या खर्चाशी तुलना करण्याजोगा आहे का, आणि ती परत फिरून आली तर कशी ओळखायची, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रोटोकॉल देऊ शकत नाही. त्याने फक्त ती लिहायला जागा ठेवली आहे. ती जागा समजून भरणे हे माणसाचे काम आहे.