प्रजेकडून नागरिकत्वाकडे : मराठवाड्याचे संविधानशिक्षण आणि अमेरिकेचा दाखला

राज्यसत्तेचा उगम लोकांत आहे आणि राज्यकर्त्यांनीही लिखित नियमांच्या मर्यादेत राहूनच कारभार केला पाहिजे, या तत्त्वावर एक संपूर्ण राष्ट्र उभारण्याचा पहिला मोठा प्रयोग अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत झाला. त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी तेच तत्त्व मराठवाड्यात पोहोचले, परंतु वेगळ्या वाटेने आणि वेगळ्या परिस्थितीत. भारताचे संविधान घडत असताना हैदराबाद संस्थानातील मराठी जनतेचा एकही प्रतिनिधी संविधान सभेत बसलेला नव्हता, आणि संविधान लागू झाले तेव्हा या प्रदेशातील बहुसंख्य लोकांनी मतदान कधी केलेच नव्हते. ज्यांचा निर्मितीत हात नसतो त्यांना संविधान आपलेसे करण्यासाठी ते शिकावे लागते, वापरावे लागते आणि प्रसंगी त्याच्या आधारे झगडावे लागते, हा औरंगाबाद शहराच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, विसाव्या शतकातील इतिहासाचा मुख्य धडा आहे. आणि अमेरिकेच्या इतिहासाचाही, बारकाईने पाहिले तर, तोच धडा आहे.

अमेरिकेतील तेरा वसाहतींनी ४ जुलै १७७६ रोजी ब्रिटिश राजसत्तेपासून स्वातंत्र्य जाहीर केले, तरी त्यांना एकत्र बांधणारी समर्थ व्यवस्था तेव्हा अस्तित्वात नव्हती. ती घडवण्यासाठी २५ मे १७८७ पासून फिलाडेल्फिया येथे परिषद भरली, तिला ५५ प्रतिनिधी उपस्थित राहिले आणि १७ सप्टेंबर १७८७ रोजी त्यांपैकी ३९ जणांनी राज्यघटनेवर स्वाक्षऱ्या केल्या. या घटनेने कायदे करणारे विधिमंडळ, ते अमलात आणणारा अध्यक्ष आणि त्यांचा अर्थ लावणारी न्यायालये यांच्यात सत्ता वाटून दिली, तिन्हींना परस्परांवर अंकुश ठेवण्याचे अधिकार दिले, आणि केंद्र व घटक राज्ये यांची कार्यक्षेत्रे वेगळी केली. या शेवटच्या रचनेलाच संघराज्य म्हणतात. मसुदा राज्यांच्या मान्यतेसाठी गेल्यावर वृत्तपत्रांतून कडाक्याचा वाद झाला. अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे या तिघांनी घटनेच्या समर्थनार्थ लिहिलेले ८५ निबंध ‘फेडरलिस्ट’ या नावाने प्रसिद्ध आहेत, तर नागरिकांच्या हक्कांची हमी नसल्याचा विरोधकांचा आक्षेप इतका प्रभावी ठरला की १७९१ मध्ये पहिल्या दहा दुरुस्त्यांनी हक्कांची सनद घटनेला जोडावी लागली. घटना समजून घेणे आणि तिच्यावर वाद घालणे हा अशा रीतीने तिच्या स्थापनेचाच भाग होता. मात्र त्या सभागृहात स्त्रिया नव्हत्या, मूळ रहिवासी नव्हते आणि गुलाम नव्हते. उलट प्रतिनिधित्वाच्या गणनेत पाच गुलाम तीन व्यक्तींइतके धरण्याची तडजोड घटनेत लिहिली गेली. गुलामगिरी कायद्याने संपण्यास १८६५ आणि मतदानात लिंगभेद करण्यास देशभर बंदी होण्यास १९२० हे साल उजाडावे लागले.

अमेरिकेत १७ सप्टेंबर हा राज्यघटना आणि नागरिकत्व यांचा दिवस म्हणून पाळला जातो. मराठवाड्यात हीच तारीख मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरी होते, कारण १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाड्यावर राज्य करणाऱ्या हैदराबादच्या निजामाने भारत सरकारपुढे शरणागती पत्करली. तारखांचा हा योग केवळ योगायोग असला तरी त्यातून दोन प्रारंभांमधला फरक स्पष्ट होतो. एका ठिकाणी त्या दिवशी घटनेवर स्वाक्षऱ्या झाल्या. दुसऱ्या ठिकाणी त्या दिवशी १७२४ पासून चालत आलेली एकतंत्री राजवट मोडली आणि संविधानाची ओळख व्हायची अजून बाकी होती.

निजामी राजवटीत फर्मान, म्हणजे राजाची लेखी आज्ञा, हाच कायद्याचा अंतिम आधार होता. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांचा कारभार उर्दूतून चाले, आणि सभा घ्यायची तर आधी परवानगी मिळवण्याची सक्ती करणारी गश्ती क्रमांक ५३, म्हणजे सरकारी परिपत्रक, लोकांच्या डोक्यावर टांगलेली असे. अशा वातावरणात राजकीय शिक्षण राजकारणाच्या नावाने होऊ शकत नव्हते. म्हणून ते शाळा, ग्रंथालये, गणेशोत्सवातील व्याख्याने आणि साहित्यविषयक मेळावे यांच्या आश्रयाने झाले. १९१५ मध्ये सुरू झालेल्या सरस्वती भुवन या औरंगाबादच्या संस्थेसारख्या खाजगी शाळांनी मराठीतून शिकलेली एक पिढी उभी केली. १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि जबाबदार राज्यपद्धतीची, म्हणजे लोकनियुक्त विधिमंडळाला उत्तरदायी असणाऱ्या मंत्रिमंडळाची, मागणी मराठवाड्यात संघटितपणे पुढे येऊ लागली. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच मागणी पुढे नेली; परंतु १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती रीतसर स्थापन होण्याआधीच बंदी आली. त्याच वर्षी औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावर घातलेल्या बंदीविरुद्ध विद्यार्थी उभे राहिले, चळवळ हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत पसरली आणि काढून टाकलेल्या अनेक विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. अभिव्यक्तीचा हक्क संविधानात लिहिला जाण्यापूर्वी अकरा वर्षे या मुलांनी तो शिक्षण गमावून बजावला होता.

१९३८ च्याच अखेरीस, ३० डिसेंबर रोजी, कन्नडजवळच्या मक्रणपूर येथे भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने दलितांची परिषद भरली आणि तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित राहिले. राजाची सत्ता लोकांकडे येणे पुरेसे नाही, गावातली जातीची सत्ताही मोडली पाहिजे, हा विचार या परिषदेने मराठवाड्याच्या राजकीय शिक्षणात आणला. मुक्तिसंग्राम आणि आंबेडकरी चळवळ हे दोन प्रवाह पुढे कधी जवळ आले, कधी परस्परांपासून दूर गेले. तथापि नागरिकत्वाची पूर्ण कल्पना दोन्ही मिळूनच तयार होते.

निजामाच्या राजवटीसाठी लढणाऱ्या रझाकारांचे अत्याचार, सप्टेंबर १९४८ ची भारताची लष्करी कारवाई आणि तिच्यानंतर अनेक गावांत मुस्लिमांवर झालेली हिंसा या सर्वांतून होरपळून निघालेल्या प्रदेशाला नोव्हेंबर १९४९ मध्ये संविधान मिळाले ते एका फर्मानाने. संस्थानात लोकनियुक्त सभा नसल्यामुळे भारताचे संविधान हैदराबादला लागू राहील असे निजामाने जाहीर केले. ज्या दस्तऐवजाची उद्देशिका लोकांनाच सार्वभौम, म्हणजे सर्वोच्च सत्तेचे धनी, मानते, तो येथे राजाच्या आज्ञेने स्वीकारला गेला, आणि तोच निजाम २६ जानेवारी १९५० पासून राजप्रमुख, म्हणजे त्या राज्याचा घटनात्मक प्रमुख, झाला. हा विरोधाभास फार काळ टिकला नाही, कारण १९५१–५२ च्या हिवाळ्यात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली आणि चार वर्षांपूर्वीपर्यंत प्रजा असलेल्या स्त्री-पुरुषांनी जात, मालमत्ता वा शिक्षण यांची अट नसलेले मतदान केले. अमेरिकेतील स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना ज्या हक्कासाठी शतकाहून अधिक काळ झगडावे लागले, तो औरंगाबादच्या शेतमजूर स्त्रीला पहिल्याच निवडणुकीत मिळाला.

मताचा हक्क एका दिवसात देता येतो. तो वापरणारी नागरिकाची बुद्धी मात्र शिक्षणानेच घडते, हे ज्यांनी नेमके ओळखले होते ते आंबेडकर अमेरिकेच्या राज्यव्यवस्थेचे जवळून अध्ययन केलेले विद्वान होते. महाराष्ट्रात या अध्ययनाला पूर्वपीठिकाही होती, कारण महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला होता. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि लोकशाही ही केवळ शासनपद्धती नसून सहजीवनाची रीत आहे, असे मानणाऱ्या जॉन ड्युई यांचा त्यांच्यावर खोल प्रभाव पडला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकेशी सविस्तर तुलना केली. तेथे अध्यक्षीय पद्धत आणि राज्याचे व संघराज्याचे असे दुहेरी नागरिकत्व आहे, येथे विधिमंडळाला दररोज उत्तर देणारे मंत्रिमंडळ आणि एकेरी नागरिकत्व राहील, हे त्यांनी कारणांसह सांगितले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी लॉर्ड ब्राइस यांनी नोंदवलेली एक हकीकत सांगितली : अमेरिकेतील एका चर्चने प्रार्थनेत ‘राष्ट्र’ हा शब्द घालण्याचा विचार केला, परंतु तो एकतेची फार मोठी कबुली देतो असा आक्षेप आल्यामुळे शब्द बदलावा लागला. अमेरिकेची ही स्थिती असेल तर हजारो जातींत विभागलेल्या समाजाने स्वतःला राष्ट्र समजून निश्चिंत राहू नये, असा त्यांचा निष्कर्ष होता. सामाजिक समतेवाचून राजकीय लोकशाही टिकणार नाही, हा त्या भाषणातला इशारा त्यांनी काही महिन्यांतच औरंगाबादमध्ये शिक्षणाच्या कार्यक्रमात उतरवला.

आंबेडकरांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने जून १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले आणि म. भि. चिटणीस त्याचे पहिले प्राचार्य झाले. उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठावे लागणाऱ्या मराठवाड्यात हे महाविद्यालय सर्व जातींच्या मुलांसाठी खुले होते. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. महाविद्यालयाला मिलिंद आणि परिसराला नागसेनवन ही नावे मिळाली ती ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या प्राचीन संवादावरून, ज्यात राजाने राजा म्हणून नव्हे तर विद्वानाप्रमाणे, पराभव मान्य करण्याच्या तयारीने वाद करावा अशी नागसेनाची अट होती. सत्तेला प्रश्न विचारता येतो आणि सत्तेने उत्तर द्यावे लागते, ही संविधानिक शासनाची पहिली अट आहे. निजामी राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या शहरात ती एका महाविद्यालयाच्या नावात कोरली गेली.

या परिसराने अमेरिकेच्या इतिहासाची दुसरी बाजूही वाचली. अमेरिकेत शिकून आलेले प्राचार्य म. ना. वानखेडे यांनी तेथील कृष्णवर्णीयांच्या साहित्याची चर्चा दलित लेखकांमध्ये आणली, आणि गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाने औरंगाबादहून या लेखनाला व्यासपीठ दिले. ज्यांना फिलाडेल्फियात स्थान नव्हते त्यांच्यापैकी एक, गुलामीतून सुटलेला फ्रेडरिक डग्लस, याने १८५२ मध्ये स्वातंत्र्यदिनाचा उत्सव गुलामांसाठी पोकळ असल्याचे ठणकावून सांगितले, परंतु त्याच भाषणात राज्यघटनेला मात्र स्वातंत्र्याच्या बाजूचा दस्तऐवज मानले. वगळले गेलेले लोक संविधान नाकारण्याऐवजी त्याचा अर्थ विस्तारतात, ही जगभर दिसणारी प्रक्रिया नागसेनवनातही घडली.

या शिक्षणाची परीक्षा कठोर होती. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली आणि माणसे मारली गेली. ठराव नामविस्ताराच्या, म्हणजे जुने नाव कायम ठेवून त्याला आंबेडकरांचे नाव जोडण्याच्या, रूपाने अमलात येण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडले. कायदेमंडळाचा निर्णय समाजाच्या संमतीवाचून किती दुबळा असतो, हे या सोळा वर्षांनी दाखवले. दुसरीकडे, मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ, म्हणजे मुख्य पीठापासून दूर बसणारे न्यायाधीशांचे पीठ, ऑगस्ट १९८१ मध्ये औरंगाबादला सुरू झाले. ते न्यायालयात आव्हान देऊनही टिकले, आणि सरकारविरुद्ध दाद मागण्यासाठी मुंबईला जाण्याची मराठवाड्यातील नागरिकाची गरज संपली.

आज शाळेच्या पाठ्यपुस्तकांत उद्देशिका छापलेली असते, परंतु ती पाठ करण्याने नागरिक घडत नाही. मराठवाड्याच्या विद्यार्थ्याला संविधान शिकवताना गश्ती क्रमांक ५३, परतूर आणि मक्रणपूरच्या परिषदा, १९५२ चे मतदान आणि नामांतराचा संघर्ष हे त्याच्याच जिल्ह्यांतले धडे प्रथम शिकवावेत आणि फिलाडेल्फियाची कथा तिच्या यशासह व अन्यायासह त्यांच्या शेजारी ठेवावी. संविधान फर्मानाने लागू होऊ शकते, हे या प्रदेशाने अनुभवले आहे; ते लोकांचे होते ते मात्र अध्ययनाने आणि आचरणानेच, आणि ही जबाबदारी प्रत्येक पिढीने नव्याने उचलली पाहिजे.