तोंडातली तार आणि आपली पंचवीस वर्षं

पंचवीस वर्षांपूर्वी सोसायटीत राहायला आलो, तेव्हा सोनगीरच्या पोरांचा दात एकतर पडायचा, नाहीतर उपटला जायचा. वाकडा असला तर तसाच राहायचा. आई अहिराणीत म्हणायची, "दात वाकडा शेतस, पन चावतस ना!"

पुढे धुळ्याला जाणं-येणं वाढलं, सोसायटीतल्या मुलांच्या तोंडात तारा दिसू लागल्या.

मोठ्या मुलाच्या वेळी आम्ही फक्त 'स्वस्त कुठे' एवढंच पाहिलं. ना एक्स-रे, ना दातांचा साचा. लगेच तार बसली. तार निघाल्यावर रिटेनर लावायचा असतो, हे कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. दोन वर्षांत दात पुन्हा फिरले. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही तो ओठ मिटूनच हसलाय.

धाकटीच्या वेळी शहाणे झालो. बीडीएसनंतर तीन वर्षांचं ऑर्थोडॉन्टिक्सचं एमडीएस केलंय का, दर वेळी तेच डॉक्टर तपासतील का, एकूण खर्च किती, त्यात रिटेनर धरलाय का, हे आधी विचारलं. दात सरकतो तेव्हा एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं. त्याला वेळ लागतोच. तांब्या-पितळेच्या भांड्यांचं आपलं गाव. एका घावात हंडा घडत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

नव्या पिढीच्या आईबापांना एवढंच सांगणं: मूल सातेक वर्षांचं झालं की एकदा दाखवून या. आणि तार बसवण्याआधीच विचारा, ती निघाल्यावर पुढे काय?