नगरचे खापरी नळ : आधी ढाळ, मग इमारत

अहमद निजामशहाने 1494 मध्ये सीना नदीकाठी अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, वसवायला घेतले. मुलूख कमी पावसाचा. उन्हाळ्यात सीनेवर भरवसा ठेवता येत नाही. राजधानीतल्या बागा, हमामखाने आणि हौद यांना पाणी बाहेरून आणणे भाग होते. त्यातून निजामशाहीत खापरी नळांचे जाळे उभे राहिले. कापूरवाडी, भिंगार, शहापूर, वडगाव अशा भोवतालच्या गावांच्या शिवारांतून ते शहरात उतरत.

खापरी नळ म्हणजे भाजलेल्या मातीची नळी. एका नळीचे तोंड दुसरीत बसवून सांधा चुन्याने बुजवत आणि भोवती चुन्यातले बांधकाम करत. उंचावरच्या विहिरीत झिरपून साठलेले पाणी अशा नळांतून जमिनीखालून वाहत येई. वाटेत जागोजागी हवा सुटण्यासाठी उच्छ्वास आणि गाळ बसण्यासाठी हौद ठेवावे लागत. पाणी ढकलणारे यंत्र नव्हते. सगळी भिस्त ढाळावर. ढाळ कमी पडला तर गाळ साचून नळ तुंबे, फार झाला तर दाबाने सांधे उकलत.

या ढाळाचा लगाम इमारतीलाही होता. मागच्या टाकीतले पाणी ज्या पातळीला असेल, तिच्या वर कारंजे उडत नाही. गवंड्याने हौदाचा काठ दोन हात वर उचलला की कारंजे थंडावलेच. म्हणून जोते, हौद, पाट आणि नळ यांच्या पातळ्या पाया घालण्याआधीच एकमेकींशी जुळवाव्या लागत.

शहराच्या आग्नेयेला असलेला फराहबाग हा याचा ठळक नमुना. चौकोनी तलावाच्या मधोमध अष्टकोनी महाल उभा आहे. मध्यभागी उंच घुमटाचे दालन, चारही दिशांना पाण्याकडे उघडणाऱ्या कमानी. पाण्यावरून येणारा गार वारा दालनातून फिरावा, ही योजना. नियामतखानाने बांधलेली आधीची इमारत मुर्तजा निजामशहाला पसंत पडली नाही, म्हणून ती पाडली गेली; सध्याचा महाल सलाबतखानाने 1583 मध्ये पुरा केला. इथे तलाव ही महालाची नुसती शोभा नव्हे. महाल थंड ठेवण्याचे काम त्याच्याकडे होते.

नगरच्या किल्ल्याचा हिशोब वेगळा. वेढा पडला की शत्रू बाहेरचा नळ तोडू शकतो. त्यामुळे आत गंगा, यमुना, मछलीबाई आणि शक्करबाई या चार विहिरी होत्या. 1596 मध्ये चांदबिबीने मोगलांविरुद्ध लढवला तो हाच किल्ला.

ढाळाने पाणी आणण्याची ही विद्या नगरपुरती राहिली नाही. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराला, नहर-ए-अंबरी ही पाणीवाहिनी नेली. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून पुण्याला पाणी आणले. नगरचे काही जुने नळ इंग्रजी अमदानीतही शहराला पाणी देत होते. आता मुळा धरणाचे पाणी पंपाने उचलून शहरात येते. टाकी गच्चीवर गेली आणि पिण्याच्या पाण्याची ढाळापासून सुटका झाली.

सांडपाण्याची मात्र झाली नाही. रुग्णालय किंवा मोठे संकुल बांधताना पाणी, मैला, वीज, वातानुकूलन आणि अग्निशमन यांचे नकाशे वेगवेगळ्या हातांनी तयार होतात. ते एकावर एक ठेवून पाहिले नाहीत, तर हवेचा डक्ट तुळईवर आपटतो, विजेचा ट्रे नळाच्या वाटेत येतो आणि ओतलेल्या काँक्रीटला भोके पाडावी लागतात. हे टाळण्यासाठी नकाशे जुळवताना सहसा ढाळाच्या नळाला पहिली जागा देतात. विजेची तार वळते, दाबाचा नळ वर चढतो, डक्ट चपटा करता येतो. मैलापाण्याच्या नळाचा ढाळ मोडता येत नाही. बाकीचे सारे त्याला वाट देतात.