ओपनझेडएफएसमधील पोकळी-दोष (२०२३)

ओपनझेडएफएस या मुक्त-स्रोत फाइल सिस्टिममध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये उघडकीस आलेला, फाइलची नक्कल करताना तिच्या काही भागांत शून्ये भरणारा दोष. फाइल सिस्टिम म्हणजे डिस्कवरील माहितीची मांडणी व राखण करणारी आज्ञावली होय. झेडएफएसचा विकास २००१ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत सुरू झाला, २००५ मध्ये तिचा स्रोत खुला झाला आणि २०१३ मध्ये ओपनझेडएफएस हा सामाईक प्रकल्प उभा राहिला. माहितीच्या प्रत्येक ठोकळ्याबरोबर चेकसम, म्हणजे पडताळणीचा अंक, साठवून बिघाड ओळखणे हे तिचे प्रमुख वैशिष्ट्य आहे.

जेंटू लिनक्सच्या वापरकर्त्यांना गो या प्रोग्रामिंग भाषेचा संकलक (कंपायलर) बांधताना काही फाइली बिघडलेल्या आढळल्या. ऑक्टोबर २०२३ मधील २.२.० आवृत्तीत ठोकळे प्रत्यक्ष न उतरवता दोन फाइलींत सामाईक ठेवणारी ‘ब्लॉक क्लोनिंग’ सुविधा नव्याने आली होती. त्यामुळे संशय प्रथम तिच्यावर गेला आणि २.२.१ मध्ये ती बंद ठेवण्यात आली. तथापि, अनेक फाइली एकाच वेळी निर्माण करून, लगेच त्यांच्या नकला काढून त्या मूळ फाइलींशी ताडून पाहणारी एक छोटी स्क्रिप्ट चालवली असता, ही सुविधा नसलेल्या जुन्या आवृत्त्यांतही तोच बिघाड दिसला.

फाइलमधील ज्या भागासाठी डिस्कवर जागाच दिलेली नसते व जो वाचताना शून्येच मिळतात, त्याला पोकळी म्हणतात. ‘सीपी’ हा नक्कल करणारा प्रोग्राम वेळ वाचवण्यासाठी पोकळ्या कुठे आहेत हे फाइल सिस्टिमला विचारून त्या वगळतो. झेडएफएस मात्र नवे लेखन काही काळ मेमरीत साठवून मग गटाने डिस्कवर उतरवते. म्हणून उत्तर देण्यापूर्वी फाइलचे काही लेखन उतरायचे राहिले आहे का, हे तिला तपासावे लागते. ही तपासणी अपुरी होती. लेखन उतरत असतानाच्या अत्यल्प क्षणी फाइल बदललेली नाही असे चुकून ठरे, डिस्कवरील जुन्या स्थितीवरून पोकळी कळवली जाई आणि नकलेत खऱ्या मजकुराच्या जागी शून्ये येत.

मूळ फाइल शाबूत राही आणि नकलेतील शून्यांचा चेकसमही अचूक जुळे. त्यामुळे संपूर्ण साठा तपासणाऱ्या ‘स्क्रब’ आज्ञेला हा बिघाड सापडणे शक्य नव्हते. फाइलची नोंद आणि तिचा न उतरलेला मजकूर या दोहोंची तपासणी करणारी दुरुस्ती ३० नोव्हेंबर २०२३ रोजी २.२.२ व २.१.१४ या आवृत्त्यांतून प्रसृत झाली. संशयित सुविधा बंद करणे हा तात्पुरता बचाव ठरतो, दोषाचे मूळ मात्र तो हमखास पुन्हा घडवून आणता येऊ लागल्यावरच हाती लागते, हे या प्रकरणाने सिद्ध केले.