वॉल प्लग (दिल्ली परिसर)

भिंतीच्या भोकात बसवायची आणि स्क्रू आत शिरताच फाकून त्याला पकड देणारी नळी. दिल्लीच्या बाजारात तिला गिट्टी म्हणतात. पूर्वी यासाठी लाकडाची गुल्ली ठोकत. लाकूड वाळले की ती सैल होई. इंग्लंडमध्ये जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांनी १९११ च्या सुमारास तागाच्या धाग्याचा प्लग काढला. आजचा नायलॉनचा प्लग जर्मनीतील आर्टुर फिशर यांचा (१९५८).

ड्रिलची बिट प्लगच्याच मापाची घ्यावी. ६ मिमी प्लगला ६ मिमीची बिट आणि ४ ते ५ मिमीचा स्क्रू. ८ मिमीला ४.५ ते ६ आणि १० मिमीला ६ ते ८ मिमीचा स्क्रू चालतो. दुकानातला आठ नंबरी स्क्रू सुमारे ४.२ मिमीचा असतो. भोक प्लगच्या लांबीहून निदान १० मिमी जास्त खोल हवे. आतला गिलावा साधारण १२ ते १५ मिमीचा असतो आणि त्याला भार पेलवत नाही. ३० मिमीचा प्लग गिलाव्याशी सपाट बसवला, तर त्याचा जेमतेम अर्धा भाग विटेत जातो. भिंतीवरच्या फळ्या अनेकदा यामुळेच निखळतात. म्हणून लांब स्क्रू घेऊन प्लग गिलाव्यापलीकडे ढकलावा.

माप ठरवण्याआधी भिंत ओळखावी. गिलावा संपल्यावर लाल भुकटी आली तर ती भाजक्या विटेची. तिथे ड्रिलचा हॅमर मोड चालतो. जुन्या दिल्लीच्या हवेल्यांत पातळ लखौरी विटा आणि चुन्याचे जाड सांधे असतात; सांधा टाळून विटेत, हॅमर बंद ठेवून भोक पाडावे. नोएडा-गुरुग्रामच्या अनेक उंच इमारतींत आतल्या भिंती एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकच्या असतात: पांढरट भुकटी, बिट लोण्यात शिरावी तशी शिरते. तिथे हॅमर लावल्यास भोक पसरते आणि साधी गिट्टी गरगर फिरते. रुंद आट्यांचा खास प्लग लागतो. ओतीव काँक्रीटला मात्र कार्बाइड टोकाची बिट आणि हॅमर दोन्ही हवेत. बिट अडली तर सळई समजून भोक सरकवावे. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली व आडव्या रेषेत वायरिंग असण्याचा संभव असल्याने तिथे ड्रिल लावू नये.

भारही मोजावा: २५ लिटरच्या गिझरमध्ये पाणीच २५ किलोचे. टाकीचे वजन वेगळे. एएसी भिंतीवर तो गिट्टीच्या भरवशावर टांगणे धोक्याचे. आरपार बोल्ट टाकून पलीकडच्या बाजूला लोखंडी पट्टी द्यावी.