स्वस्त वाइनचें मोल

शेळगांव ज्या इंदापूर तालुक्यांत मोडतें, त्यालाच लागून दौंड तालुका आहे. तेथील रोटी गांवीं एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ‘फोर सीझन्स’ची वाइनरी उभी राहिली. शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्याँ, शेनाँ ब्लाँ या फ्रान्समधून आलेल्या जाती दख्खनच्या मातींत रुजल्या. परदेशी वाइनवर जबर जकात होती. उलट राज्याच्या २००१ च्या धोरणानें देशी वाइनला अबकारी सवलत दिली. त्यामुळें ती मध्यमवर्गाच्या आटोक्यांत आली.

या स्वस्ताईचा धोका मात्र बागाइतदाराच्या माथीं राहिला. खाण्याचें बिनबियांचें द्राक्ष विकलें न गेल्यास त्याचे बेदाणे करितां येतात. वाइनचें द्राक्ष बारीक व बियांचें. कारखान्यानें नाकारलें कीं त्याला दुसरें गिऱ्हाईक नाहीं. २००८ च्या मंदीनंतर मागणी घटली, तेव्हां नाशिककडील कित्येक शेतकऱ्यांनीं स्वतः जोपासलेल्या वेली उपटून टाकल्या.