डेंजर कोणाचा?
समुद्र खवळला की रत्नागिरीच्या बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो आणि बातमीत तो ‘धोक्याचा बावटा’ होतो. प्रत्यक्षात हवामान खात्याच्या 1 ते 11 क्रमांकांच्या इशाऱ्यांत तिसरा सावधगिरीचा. ‘डेंजर’ पाचव्यापासून सुरू होतो, ‘ग्रेट डेंजर’ आठव्यापासून. हा फरक जपायलाच हवा. होडी कधी परतवायची हे त्यावर ठरतं.

‘डेंजर’ जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ संकट नव्हता. सरंजामदाराची सत्ता, दुसऱ्याचं वाईट करू शकण्याची त्याची ताकद, असा तो होता. मुळाशी लॅटिन ‘डोमिनस’, म्हणजे धनी. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये शायलॉकच्या कचाट्यातल्या अँटोनिओबद्दल तो याच जुन्या अर्थाने येतो.

‘रिस्क’ मात्र व्यापाऱ्यांची. सतराव्या शतकात ती इटालियनमधून, फ्रेंचमार्गे इंग्रजीत पोचली. आपली ‘जोखीम’ तिला फार जवळची: प्रवासात अंगावर जोखीम नको, असं म्हणताना दागिने आणि रोकडच अभिप्रेत असते.

इंग्रजीत ‘डेंजर’ नाम आहे. मराठीने त्याचं सरळ विशेषण केलं: घाटातलं डेंजर वळण, डेंजर माणूस, आणि चक्क कौतुकाने, डेंजर बॅटिंग!